घशात काटा अडकलाय: आधी एक्स-रे की थेट दुर्बीण?

मासे खाताना काटा अडकला आणि आवंढा गिळला की एकाच जागी टोचतंय, तर दोन रस्ते असतात, आधी एक्स-रे काढून बघायचा नाहीतर सरळ ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन दुर्बिणीने घसा बघून घ्यायचा. मी दोन्ही केलंय.

एक्स-रे वाईट नाही. नाणं, पिन असं धातूचं काही असेल तर तोच आधी. लहान मुलाने बटण बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच इमर्जन्सीत न्यायचं, कारण अन्ननलिकेत अडकली तर 2 तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. फोटोत ती नाण्यासारखीच वाटते, पण कडेला दुहेरी गोल दिसतो.

माशाच्या काट्याचं तसं नाही. बारीक काटा फोटोत बरेचदा येतच नाही आणि स्वरयंत्राच्या कूर्चेत (मऊ, लवचिक हाडात) वयानुसार कॅल्शियम साठतं, ते पांढरं दिसून उलट काट्यासारखं वाटतं. मला सगळ्यात त्रास झाला तो त्या 'नॉर्मल' रिपोर्टचा. कागदावर नॉर्मल आणि घशात टोचणं तसंच, घरचे म्हणतात आता काही नाहीये, मनाचे खेळ आहेत, आणि आपण पाणीसुद्धा भीत भीत पितोय. काटा नाहीये हे त्या कागदाने ठरतच नाही हो!

दुर्बिणीचं सुखद आहे असं म्हणणार नाही. कडू स्प्रे मारतात, जीभ धरून बाहेर ओढतात, उमासे येतात, नंतर बधिरपणा जाईपर्यंत खाणंपिणं बंद. पण काटे बहुतेक टॉन्सिलमध्ये नाहीतर जिभेच्या मुळाशी रुततात आणि दिसला की बरेचदा तिथल्या तिथे चिमट्याने निघतो, माझा टॉन्सिलमधूनच निघाला. नुसता ओरखडा असेल तर तोही कळतो, ओरखडाही काट्यासारखाच टोचतो ना.

अर्थात काटा अन्ननलिकेत उतरला असेल तर या तपासणीत तो दिसत नाही. मग साधा सीटी स्कॅन बरा, बेरियम (एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध) पिऊन फोटो शक्यतो नको, त्याचा थर बसला की पुढे एंडोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून बघताना, नीट दिसत नाही. काढायला लवचिक एंडोस्कोप की पूर्ण भूल देऊन सरळ नळीचा, हे जागा बघून डॉक्टर ठरवतील.

तोवर कोरडे घास गिळून काटा ढकलायला जाऊ नका, आणखी खोल रुतू शकतो. लाळही गिळता येत नसेल, श्वास अडत असेल, ताप किंवा मानेला सूज असेल तर एक्स-रे की दुर्बीण करत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.