फ्रोझन शोल्डर आणि फिजिओथेरपी: बऱ्याच महिन्यांचा अनुभव, त्यात अर्धा मजकूर कोनमापकाबद्दल

पहिल्या क्लिनिकमधलं पॅकेज संपलं त्याच दिवशी काउंटरवरून नव्या पॅकेजचा फॉर्म पुढे आला. मी विचारलं, खांदा किती सुटला? काउंटरवरची मुलगी आत जाऊन विचारून आली. ‘बराच फरक आहे म्हणतात.’ बराच म्हणजे किती? पहिल्या दिवशी हात कुठवर जात होता आणि आज कुठवर जातो? फाइल उघडली तर आत तारखा, सह्या आणि पैसे भरल्याच्या नोंदी. खांद्याबद्दल एक आकडा नाही. आवाज माझाच आधी चढला हे खरं, पण ज्या गोष्टीचे पैसे घेताय ती मोजलेलीच नसेल तर मी पुढचे पैसे कशाचे भरू, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. फॉर्म तिथेच ठेवून निघाले.

फ्रोझन शोल्डर म्हणजे काय, हे वाचणाऱ्या बहुतेकांना अंगावर आल्यामुळेच माहीत असेल. चाळीस ते साठच्या वयात, बायकांमध्ये जास्त, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर आणखी जास्त. आधी दुखतं, मग आखडतं, मग सावकाश सुटतं, आणि या सगळ्यात एक ते तीन वर्षं जाऊ शकतात. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव १९३४ साली कॉडमन या अमेरिकी सर्जननी दिलं, आणि या दुखण्याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड आणि कारण सांगणंही अवघड, असंही लिहून ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यात फार काही बदललंय असं रुग्णाच्या बाजूने तरी वाटत नाही.

त्या पहिल्या ठिकाणचा दिनक्रम असा: गरम शेक, मग आयएफटी, म्हणजे सौम्य विजेच्या यंत्राच्या मुंग्या, मग अल्ट्रासाउंडचं थंडगार जेल, आणि शेवटी कुणीतरी येऊन हात धरून वर ओढणार. ओढणारी व्यक्ती दर वेळी वेगळी. सुरुवातीला मला हे सगळं आवडायचं. यंत्र चालू असलं की काहीतरी होतंय असं वाटतं. शेकाने स्नायू सैल होतात आणि दुखणं तेवढ्यापुरतं हलकं होतं, हे मी आजही मान्य करेन. पण खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, जाड होऊन आक्रसलेली असते आणि ती त्या मुंग्यांनी लांबत नाही. वेळेचा मोठा भाग यंत्राखाली आणि उरलेली काही मिनिटं हातावर, हा हिशेबच उलटा होता.

दुसऱ्या ठिकाणी ज्या मॅडम भेटल्या त्यांनी यंत्राकडे बघितलंही नाही. ड्रॉवरमधून पारदर्शक प्लास्टिकचा कोनमापक काढला. शाळेतला कोनमापक आणि त्याला दोन पट्ट्या, एवढीच वस्तू. तिला गोनिओमीटर म्हणतात. मला उताणं झोपवलं, कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवलं आणि मनगट हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. चांगल्या हाताचा कोन सत्तर अंश भरला. आखडलेल्या हाताचा दहा. आधी मला स्वतःला हात न्यायला लावला, मग मी सैल सोडला आणि त्यांनी नेला. दोन्ही वेळा दहाच. त्या म्हणाल्या, मी नेऊनही जात नाही म्हणजे अडचण ताकदीची नाही, सांधाच अडतोय. स्नायूबंध फाटला असता तर तुम्हाला जमलं नसतं, पण मला नेता आलं असतं. मग एक्स-रे मागितला, कारण सांधा झिजलेला असला किंवा मागच्या बाजूला निखळलेला असला तरी हात असाच बाहेर वळत नाही. पहिल्या ठिकाणी एक्स-रे कुणी मागितलाही नव्हता.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

त्यांनी हात समोरून वर उचलायला सांगितलं. मी उचलला, चांगला एकशेवीसपर्यंत गेला, आणि मला वाटलं की चला, आधीच्या पैशांचं काहीतरी झालं. मग त्यांनी एका हाताने माझं खांद्याचं पातं वरून दाबून धरलं आणि म्हणाल्या, आता उचला. ऐंशीच्या आसपास हात थांबला. म्हणजे मधले चाळीस अंश सांध्याचे नव्हतेच. पातं कानाकडे उचलून, पाठ मागे झुकवून शरीराने परस्पर भरपाई केली होती. निरोगी माणूस हात पूर्ण वर नेतो तेव्हा १८० पैकी साधारण १२० अंश दंडाच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण यांच्यात होतात आणि ६० अंश पात्याच्या फिरण्यातून येतात; इनमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली हे प्रमाण मांडलं आणि ते अजून शिकवलं जातं. खांदा आखडला की पातं आपल्या वाट्याबरोबर सांध्याचाही वाटा उचलायला लागतं. बघणाऱ्याला हात वर गेलेला दिसतो. ‘बराच फरक’ तो हाच. आणि पातं इतकं राबलं की मानेपासून पाठीपर्यंत दुखायला लागतं. त्या दुखण्यावर मला पहिल्या ठिकाणी वेगळा शेक दिला जात होता!

म्हणून माझा आग्रह असा की हात वर किती जातो यावर कुणी खूश करत असेल तर लगेच खूश होऊ नका. कोपर कमरेला लावून बाहेर वळण्याचा कोन विचारा. फ्रोझन शोल्डरमध्ये तोच सगळ्यात जास्त जातो, कारण सांध्याच्या पुढच्या-वरच्या बाजूचा एक बंध आखडून हाताला बाहेर वळूच देत नाही. आणि या हालचालीत पात्याला लबाडी करायला जागा कमी मिळते.

या मॅडमचा हाताचा उपचारही वेगळा होता. ओढाओढ नाही. दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत बारीक बारीक सरकवायचा. याला मोबिलायझेशन म्हणतात आणि त्याच्या पायऱ्या आहेत: पहिली-दुसरी दुखणं शांत करायला, तिसरी-चौथी हालचालीच्या टोकाशी जाऊन पिशवी ताणायला. गंमत म्हणजे हात बाहेर वळावा म्हणून त्या गोळा मागे ढकलायच्या. माझ्या हिशेबाने तो पुढे ओढायला हवा होता. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, पुस्तकी नियम तुमच्यासारखाच सांगतो, पण या दुखण्यात मागे सरकवल्याने जास्त फायदा होताना दिसतो. आणि उठून मोजलं की तीन-चार अंश वाढलेले.

इथे मला मत बदलावं लागलं, कारण या तीन-चार अंशांवर मी खूप खूश व्हायला लागले होते. वहीत तारीखवार आकडे, घरी मोबाइलवर कोन मोजायचं अॅप, सगळं सुरू झालं. मॅडमनी वही बघितली आणि एकच प्रश्न विचारला: पट्टी दर वेळी त्याच जागी ठेवता का? गोनिओमीटरने एकाच माणसाने दोनदा मोजलं तरी पाच अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे माझ्या वहीतली निम्मी प्रगती मोजण्याची चूकही असू शकते. त्यानंतर आम्ही दर सिटिंगला मोजणं बंद केलं. काही आठवड्यांनी एकदा, त्याच वेळी, शेक घेण्याआधी आणि मोजणारी व्यक्ती तीच. मोजणं हवंच, यावर मी ठाम आहे. दर तासाला मोजणं मात्र निव्वळ करमणूक.

दुखण्याबद्दलही सांगते. ‘दुखल्याशिवाय सुटत नाही’ हे वाक्य मला पहिल्या ठिकाणी इतक्यांदा ऐकवलं गेलं की मी ते खरं मानत होते. या मॅडमचा नियम वेगळा. ताण जाणवला पाहिजे, व्यायाम संपल्यावर थोड्या वेळात तो ओसरला पाहिजे, आणि रात्री त्याच कुशीवर झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा. २००४ साली नेदरलँड्समधल्या ७७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला दुखण्यापलीकडे जाऊन जोरदार ताणलं आणि दुसऱ्याला दुखण्याच्या मर्यादेत हलकं हलवत ठेवलं. दोन वर्षांनी हलक्या गटाचे खांदे जास्त चांगले होते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर काही रात्री नीट झोपले असते.

मध्यंतरी प्रगती अडली. वहीत तोच आकडा, आठवडे गेले तरी. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्याने दुखणं उतरलं आणि तेच व्यायाम एकदम अंगी लागायला लागले. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. भूल देऊन खांदा सोडवण्याचा पर्यायही समोर आला होता, पण माझा कंजूषपणा आडवा आला. मग वाचलं की ब्रिटनमध्ये ३५ रुग्णालयांत ५०३ जणांवर यूके फ्रॉस्ट नावाची चाचणी झाली, २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. भूल देऊन हात फिरवणं, दुर्बिणीतून पिशवी कापणं, आणि इंजेक्शनसकट शिस्तीत फिजिओथेरपी, या तिघांत वर्षभरानंतर ठळकपणे वरचढ कुणीच ठरलं नाही. तेव्हा कंजूषपणाला जरा प्रतिष्ठा मिळाली.

आता तक्रार, कारण एवढं कौतुक केलं की लोकांना जाहिरात वाटते. हा खांदा आपोआपही सुटतो. कुणाचा पूर्ण, कुणाचा थोडा कमी, पण सुटतो. मग आज माझा कोन पंचावन्नवर आला याचं श्रेय मॅडमच्या हातांना किती, इंजेक्शनला किती, काठीच्या व्यायामाला किती आणि नुसत्या गेलेल्या काळाला किती, हे वेगळं करून कुणीच सांगू शकत नाही. मॅडमनाही विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, काळाची फी मी लावत नाही. त्यांच्याकडचा मोठा दोष म्हणजे अपॉइंटमेंटची वेळ कधीच पाळली जात नाही. आणि व्यायामाचा जो कागद देतात त्यातली चित्रं इतकी झेरॉक्स झालेली आहेत की काठी कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो ते कळत नाही.

जे काम झालं ते घरी झालं, हे मात्र नक्की. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची, कोपर कमरेला, आणि चांगल्या हाताने आखडलेल्याला बाहेर ढकलायचं. सुरुवातीच्या दुखऱ्या दिवसांत पुढे वाकून हात लोंबकळत सोडून झुलवायचा, तेवढंच. भिंतीवर बोटांनी चढणं मला फारसं उपयोगी पडलं नाही. त्यातही पातंच पुढाकार घेतं, आणि आरशात बघितल्याशिवाय ते कळत नाही. आता सिटिंग महिन्यातून एकदा, तीही मोजण्यासाठी. केस विंचरता येतात, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो, गाडीत मागच्या सीटवरची पर्स घेता येते. पाठीमागे अंगठा अजून कमरेच्या थोडा वरच अडतो. चांगला हात पात्यांच्या मध्यापर्यंत जातो. पाठीमागची ही हालचाल शेवटी सुटते म्हणतात.

दाराला अडकवायची पुलीही घेतली होती. ती तितकीशी गरजेची नाही, काठीने बहुतेक सगळं होतं. घ्यायचीच असेल तर दोरीची लांबी कमी-जास्त करता येते का ते बघा, आणि दाराच्या फटीत जाणारी पट्टी रुंद पण पातळ हवी. माझी जाड आहे, त्यामुळे पुली लावली की दार लागत नाही आणि ओढताना दारच उघडतं. परत करायची मुदत तेव्हाच संपली होती.