आधी काइट की आधी बोर्ड?

काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून घसरत जाणं. ते शिकायला येणारे दोन वृत्तींचे. एकाला पहिल्याच दिवशी बोर्डवर उभं राहायचंय. दुसरा दोन-अडीच चौरस मीटरची सरावाची काइट घेऊन तासभर वाळूतच.

फरक कळतो तो घाबरल्यावर. तोल गेला की माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. इथे हातात बार, म्हणजे काइट सांभाळायचा दांडा असतो, आणि बार अंगाकडे ओढला की काइटचा जोर वाढतो, माणूस फरफटतो. उपाय उलटा: बार सोडून द्यायचा. काइट हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकलेलीच राहते, जोर ओसरतो. तरी ओढ थांबली नाही तर क्विक रिलीज, म्हणजे हार्नेसपासून झटकन सुटायची कळ. संक्रांतीला ढील देणाऱ्यांना हे चटकन पटतं, पण नाकातोंडात पाणी जात असताना हात ऐकत नाहीत. म्हणून तो वाळूतला तास.

बोर्डवाल्याची नजर पायांकडे, तेवढ्यात काइट पाण्यात. शिवाय बॉडी ड्रॅग, म्हणजे बोर्डशिवाय काइटच्या ओढीने पाण्यातून अंग ओढत नेणं, नीट शिकलेलं नसतं. सुटलेला बोर्ड मागे राहतो आणि हा वाऱ्यासोबत पुढे वाहत जातो.

श्रीलंकेत कल्पिटियाच्या उथळ लगूनमध्ये घाई एकवेळ खपते, पाय टेकतात. उघड्या समुद्रात नाही. वाळूवाल्यातही एक खोट असते: काही जण सरावातच रमतात, पाण्यात उतरायचं नावच काढत नाहीत.