अट्रेक्स मोहिमेचा खुला डेटा: अतिउंच ढगांच्या अभ्यासकांसाठी परीक्षण

उष्ण कटिबंधातील अतिउंच सिरस (हिमस्फटिकांच्या विरळ, तंतुमय) ढगांविषयी वाचायला पुष्कळ मिळते. परंतु त्या ढगांत शिरलेल्या विमानाने टिपलेली मोजमापे स्वतः उघडून पाहायची असतील, तर नासाने विनामूल्य उपलब्ध करून दिलेला अट्रेक्स मोहिमेचा डेटा मला सर्वांत समाधानकारक वाटला. 2011 ते 2014 या काळात ग्लोबल हॉक या वैमानिकरहित विमानाने पॅसिफिक महासागरावर ही उड्डाणे केली. त्यांपैकी 2014 च्या आरंभी गुआम बेटावरून झालेला टप्पा सर्वांत मोलाचा आहे, कारण पश्चिम पॅसिफिकवरील क्षोभसीमा, म्हणजे ढग-पावसाचा खालचा थर आणि त्यावरचा स्थितांबर हा स्थिर थर यांमधली सीमा, विलक्षण थंड असते. तिथून स्थितांबरात चढणाऱ्या हवेतील बाष्प हिमस्फटिक होऊन गळून पडते आणि दहा लाख रेणूंमागे पाण्याचे मोजकेच रेणू उरतात. विमान एकाच उंचीवर न राहता सुमारे 14 ते 18 किलोमीटरच्या दरम्यान सतत वरखाली करत असल्यामुळे एका उड्डाणात क्षोभसीमेजवळच्या थराचे अनेक उभे छेद हाती येतात. तापमान आणि बाष्प यांच्या नोंदी शेजारी मांडल्या, की ढग नसलेल्या हवेतही बर्फाच्या तुलनेतील सापेक्ष आर्द्रता 100 टक्क्यांच्या वर गेलेली दिसते, म्हणजे बर्फ बनण्याइतके बाष्प असूनही ढग झालेला नसतो. एवढ्या एका आलेखासाठीही हा डेटा उतरवून घ्यावा, असे मी म्हणेन.

फायली साध्या मजकुराच्या आहेत. पहिल्याच ओळीत शीर्षभागाच्या ओळींची संख्या दिलेली असते, आणि उपकरण, एकके, अनिश्चितता व आवृत्तीतील बदल यांची माहिती देणारा हा शीर्षभाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजलेली असते, त्यामुळे मध्यरात्र ओलांडणाऱ्या उड्डाणात आकडा 86,400 च्या पुढे जातो. ती चूक नव्हे. नोंद नसलेल्या जागी घातलेले मोठे ऋण आकडे मात्र सरासरी काढण्यापूर्वी वगळावेत. निरनिराळ्या उपकरणांच्या वेळा जुळवायला थोडे प्रोग्रॅमिंग यावे लागते.

एक मर्यादा आपल्याकडील अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. या मोहिमेत भारतीय उपखंडावरील मोसमी ढग नाहीत. त्यांच्यासाठी 2017 च्या पावसाळ्यात काठमांडूहून जिओफिजिका या विमानाने केलेल्या स्ट्रॅटोक्लिम मोहिमेकडे वळावे लागेल.