‘पेटत नाही’ म्हणून विकलेलं कापड: १८,९०० रुपयांना चुना

आगीची बनेटी (टोकांना पेटते बोळे लावलेली काठी) फिरवणाऱ्या आखाड्यांनो, ‘फायरप्रूफ कॉटन’ ऐकलं की आधी कात्री मागा. १४ पोशाख, शिलाईसकट १,३५० प्रमाणे १८,९०० रुपये. ९,००० फोनवरून आगाऊ, ९,९०० रोख. हातात कच्ची पावती, तिच्यावर नुसतं ‘ड्रेस १४ नग’.

निघालं टेरीकॉट. त्यातलं सूत वातीसारखं जळत राहतं आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

दुकानदाराने लायटर लावला तेव्हाच कळायला हवं होतं. तुकडा काळा पडला, ज्योत विझली, सगळे खूश. पण तो तुकडा त्याने खिशातून काढला होता, ताग्यातून कापला नव्हता! ताग्याचं कापड मुठीत आवळून सोडलं, तर एक चुणी पडली नाही. जळगावात, कपाशीच्या मुलखात, सूत ओळखता येऊ नये? पण गणपती आठ दिवसांवर आलेले आणि हा ‘भो, दहा धुणी गॅरंटी’ म्हणून छातीठोक सांगतोय. घाईत कोणीही फसेल. आणि पेटू नये म्हणून कापडावर बोरॅक्ससारखे क्षार नुसते मारलेले असले, तर ते पाण्यात निघून जातात.

आपल्याच ताग्यातून बोटभर पट्टी कापा. मोकळ्यावर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, चिमट्यात धरून पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर आखडतं, काळा धूर सोडतं, शेवटी टणक मणी उरतो. राखेत खडे लागले तर भेसळ. उभे-आडवे धागे उसवून वेगवेगळे जाळा. सूतही पेटतं हं, फक्त वितळत नाही, म्हणून थोपटून विझवता येतं. जाड, घट्ट विणीचं घ्या. फ्लॅनेलसारखं लव असलेलं नको, लवेवरून ज्योत सरसर पळते.

शिंप्याला सुती दोरा स्वतः नेऊन द्या, तो पॉलिस्टरचाच ओवतो. इलास्टिकऐवजी नाडी. झालर, लोंबता शेला बंद. विझवणाऱ्याच्या हातातला ओला टॉवेलसुद्धा सुतीच.

पोलिसांकडे गेलो तर म्हणे दिवाणी मामला, ग्राहकांच्या कचेरीत जा. तिथे म्हणे पक्कं बिल आणा. तिसऱ्या टेबलावरचे साहेब जेवायला गेलेले, ते चार वाजता उगवले. कापड दाखवलं, जाळून दाखवतो म्हटलं, तर विचारतात, ‘कोणी भाजलंय का?’ नाही म्हटलं. ‘मग तक्रार कसली?’

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पण आधी पक्कं बिल घ्या आणि त्यावर ‘१०० टक्के सुती’ लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला, की तिथूनच माघारी फिरा.