चार दिवस, दोघं आणि गाडी: कोल्हापूर की छत्रपती संभाजीनगर?

पुण्याहून दोघांनीच गाडी काढायची, शनिवार-रविवारला दोन रजा जोडायच्या, थोडं शहर बघायचं आणि थोडी आसपासची गावं. असा बेत ठरला की कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन नावं हमखास पुढे येतात. अंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. आम्ही दोन्ही सहली केल्या, दोन्ही हिवाळ्यात, वर्षाच्या अंतराने. त्यामुळे पुढचं सगळं आमच्यापुरतं खरं, असं धरून वाचावं.

नुसतं काय बघायला मिळतं एवढंच मोजलं तर संभाजीनगरचं पारडं जड आहे, हे आधीच मान्य करतो. वेरूळच्या कैलास लेण्यासमोर उभं राहिलं की दुसऱ्या कशाशी तुलना करावीशी वाटत नाही. शिवाय देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, खुलताबाद, बीबी का मकबरा. छोट्या गावांत माझा जीव पैठणवर जडला. नाथांचं गाव म्हणून गेलो होतो, पण रमलो ते मागापाशी. रंगीत रेशमाच्या बारीक कांड्या हाताने घालत-काढत विणकर पदरावरचा मोर भरत होते. आम्ही अर्धा तास उभे होतो, तेवढ्या वेळात मोराची जेमतेम मान पुढे सरकली. हिने तेव्हापासून पैठणीच्या किमतीबद्दल तक्रार केलेली नाही.

घोडं अडलं ते वारांवर. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे आम्हाला ठाऊक होतं आणि बेतही तसाच आखला होता. शनिवारी शहर, रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ आणि देवगिरी, मंगळवारी पैठण करून परत. रविवारी पहाटे हिची अर्धशिशी उठली. एरवी मी म्हणालो असतो, आज पडून राहा, उद्या जाऊ. पण इथे उद्या नव्हताच. सोमवारी अजिंठा बंद, आणि मंगळवारी जावं तर तिथून पुन्हा पुणे गाठायचं. शेवटी तीच म्हणाली, चल, एवढं आलोय तर. शहरापासून शंभर किलोमीटर, मग फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी लावायची, तिथून चार किलोमीटर बसने, पुढे पायऱ्या. पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. पहिल्या लेण्याच्या ओसरीत खांबाला टेकून ती ओढणी डोळ्यांवर घेऊन बसली आणि आत पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर मी एकटाच. त्या अंधुक उजेडात खाली झुकलेल्या पापण्या, हातात निळं कमळ. दहा मिनिटांत बाहेर आलो. ते चित्र तिने बघितलं नाही, ही चुटपुट अजून जात नाही.

कोल्हापूरलाही अडचणी आहेतच. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे वाटेत वळणरस्ते लागले. अंबाबाईच्या देवळाजवळ गाडी नेण्याचा हट्ट करू नये. मुक्कामी ठेवावी, पहाटे रिक्षाने जावं. रविवारी उजाडल्यानंतरच्या रांगेत अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात तर हा बेत नकोच. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीपाशी महामार्गच पाण्याखाली गेला होता, आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात शिरतं. वाडीकर त्याचा दक्षिणद्वार सोहळा करतात, पण आपल्यासारख्या गाडीवाल्यांनी तेव्हा तिकडे फिरकू नये. उलट वेरूळ पावसात फार देखणं होतं, एकोणतिसाव्या लेण्याशेजारी धबधबा कोसळत असतो.

पण कोल्हापूरच्या सहलीत दिवसांची अदलाबदल करता येते. सोमवारी सकाळी पन्हाळा ठरला होता, उठायलाच साडेनऊ झाले. काहीच बिघडलं नाही. पन्हाळा मंगळवारवर टाकला आणि गाडी वाडीकडे वळवली. दर्शन घेतलं, कवठाची बर्फी घेतली, घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो. तिथून कुरुंदवाडवरून खिद्रापूर. कोपेश्वराच्या देवळाबाहेर हत्तींची रांग कोरलेली आहे, जणू सगळं देऊळ त्यांनी पाठीवर पेललंय. पण आम्ही थांबलो ते स्वर्गमंडपात. छताला मधोमध मोठा गोल मोकळा सोडलाय, त्यातून थेट आभाळ दिसतं. खाली उन्हाचं चकतं पडलं होतं. ते फरशीवरून सरकत सरकत एका खांबाच्या पायाशी गेलं, तोवर दोघंही काही न बोलता बसून होतो. आसपास कुणी नव्हतं, आणि आज हेच संपवलं पाहिजे अशी घाई मागे लागलेली नव्हती. मंगळवारी पन्हाळा बघून वाठारला महामार्गाला लागलो. पुढे पाचवडहून वाईला वळलो आणि मेणवलीच्या घाटावर, वसईच्या मोहिमेनंतर तिथे आलेल्या त्या मोठ्या घंटेपाशी, डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

तेव्हा रजा बुधवार ते शनिवार मिळत असेल, किंवा दोघांपैकी कुणी लेणी अजून पाहिलीच नसतील, तर संभाजीनगरला जरूर जावं. वाघोली-शिक्रापूरची गर्दी टाळायची तर पुण्यातून उजाडायच्या आत निघावं, एवढंच. शनिवार ते मंगळवारच हातात असतील आणि बरोबर फक्त जोडीदार असेल, तर मला वाटतं कोल्हापूर जास्त सोसतं.

अजिंठ्याला आम्ही पुन्हा जाणार आहोत. या खेपेला मंगळवारी रात्री फर्दापूरला मुक्काम, बुधवारी दार उघडताच आत. आणि गुरुवार मोकळा ठेवलाय.