श्रोत्यांचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचे की क्यूआर कोडवर?

नाशिकला द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोपा वाटतो. शिकवावं काहीच लागत नाही. पण तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि ‘शुभ सकाळ’च्या गर्दीत डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाबद्दलचा कामाचा प्रश्न वाहून जातो.

क्यूआर कोडवरचं प्रश्नांचं पान ब्राउझरमध्येच उघडतं. इतरांनी पसंती दिली की प्रश्न वर चढतो, सूत्रसंचालकाची निवड सोपी होते. फसतं ते कोडच्या आकारात. अंतराचा दहावा भाग धरा: २० मीटरवरच्या शेवटच्या रांगेला पडद्यावर २ मीटरचा कोड लागतो. एवढा पडदा मिळतो कुठे? म्हणून खुर्चीखुर्चीवर ५ सेंटिमीटरचा छापील कोड ठेवा, भोवतीची पांढरी कड न कापता. रेंज नसलेल्या हॉलमध्ये मात्र दोन्ही बाद. चिठ्ठ्या तयार ठेवा.