प्री-एम्फसिसच्या सीडी, सॉक्स आणि फूबार: आठ महिने वापरून

आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या घरात गाणी ऐकायच्या दोन सोयी आहेत. हॉलमध्ये आबांचा जुना सीडी प्लेअर, आणि माझ्या खोलीत लॅपटॉप, यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारी डबी), दोन बुकशेल्फ स्पीकर. काका दुबईला होते तेव्हा ऐंशीच्या दशकात त्यांनी जमवलेल्या शंभरेक सीडी मी गेल्या वर्षी फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता दाबलेल्या फाइलमध्ये) रिप केल्या, म्हणजे लॅपटॉपवर उतरवल्या. आबा देवल क्लबातल्या मैफली ऐकत वाढलेले. एकदा दारातूनच म्हणाले, "ह्या व्हायोलिनला काय केलंस? नुसता मिसळीचा कट ओतल्यागत लागतंय."

मी स्पीकर हलवले, खिडकीला जाड पडदा लावला. फरक शून्य. तीच सीडी हॉलमध्ये मात्र मऊ वाजायची. डॅकवर संशय घेऊन दोन आठवडे घालवले, ते वेगळंच.

खरं कारण सीडीतच होतं. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हाचे काही कन्व्हर्टर (आवाज आणि आकडे यांची अदलाबदल करणारे भाग) १४ बिटचेच होते. वरच्या पट्टीतली खरखर झाकायला काही कंपन्या मास्टरिंग करतानाच तीव्र स्वर फुगवून ठेवत आणि वाजवताना प्लेअर ते पुन्हा खाली आणत असे. या फुगवण्यालाच प्री-एम्फसिस म्हणतात. किती फुगवायचं आणि किती उतरवायचं याचा उतार ठरलेला असतो (५० आणि १५ मायक्रोसेकंद). १ किलोहर्ट्झला वाढ जेमतेम ०.४ डेसिबल, १० ला साडेसात, २० ला साडेनऊ. म्हणजे गळ्याचा मूळ स्वर जागेवर, पण 'स', 'श', झांज आणि गजाची घासणी अंगावर येते. प्लेअरला हे कळतं ते डिस्कवरच्या एका खुणेमुळे. रिप केलेल्या फाइलमध्ये ती खूण येत नाही, फुगवलेला आवाज तेवढा येतो.

खूण शोधणं हीच सगळ्यात किचकट पायरी. ती दोन ठिकाणी असू शकते: डिस्कच्या सुरुवातीच्या सूचीत, किंवा गाण्यासोबत धावणाऱ्या सबकोडमध्ये. माझा रिपिंग प्रोग्रॅम फक्त सूची बघून सगळीकडे 'नाही' सांगत होता. मग लिनक्सवर सीडीआरडीएओ हा सीडी वाचणारा प्रोग्रॅम चालवला. दोन्ही ठिकाणांचं जुळलं नाही तर तो इशारा देतो, पण फाइलमध्ये मात्र सूचीतलंच लिहितो. म्हणून स्क्रीनवरच्या ओळी डोळ्यांनी वाचाव्याच लागतात. माझ्याकडे अशा ११ डिस्क निघाल्या, बहुतेक जपानी छापाच्या.

पुढे दोन वाटा होत्या. पहिली, फूबार या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधला डी-एम्फसिसचा (फुगवलेले स्वर खाली आणणारा) जोड. फाइलला प्री-एम्फसिसचा टॅग (फाइलसोबतची नोंद) लावला की वाजवताना तो उतार लावतो. मूळ फाइलला धक्का लागत नाही, त्यामुळे अ‍ॅक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपशी आपली रिप पडताळणारी यादी) ताळा जमतो. पण हे फक्त त्या लॅपटॉपवर. तीच फाइल मोबाइलवर किंवा गाडीत टाकली की पुन्हा तोच कट.

दुसरी वाट सॉक्स या आवाजाच्या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रॅममधल्या 'डीएम्फ'ची. तो उतार लावून नवी फाइलच बनवतो. तो ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झच्याच फाइलवर चालतो. सीडीच्या रिपला तेवढं पुरतं. आउटपुट मी २४ बिट ठेवतो, कारण १६ वर उतरवलं की डिदर (मुद्दाम घातलेली बारीक खरखर) मिसळतो, आणि डिस्कची जागा आता काय महाग राहिली नाही. एक अल्बम मिनिटाच्या आत होतो. कव्हरचं चित्र मात्र नव्या फाइलमध्ये येत नाही, ते हाताने घालायचं.

इथेच मी फसलो. चित्र टाकून देणारा सॉक्स टॅग मात्र इमानाने उचलतो. नव्या फाइलवर प्री-एम्फसिसचा टॅग तसाच राहिला, फूबारने तो बघून सुधारलेल्या आवाजावर पुन्हा उतार लावला. तीन आठवडे मी गोधडीखालून आल्यासारखं संगीत ऐकत होतो आणि वर मित्रांना 'बघ, कसं अ‍ॅनालॉगसारखं लागतंय' असं सांगत होतो. लाज वाटते सांगायला. आता प्रत सुधारली की टॅग उडवायचा आणि रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज समपातळीत ठेवणारा आकडा) नव्याने मोजायचा. उंच स्वर खाली आल्यावर जुना आकडा बसत नाही.

शेवटी दोन्ही ठेवलं. मूळ रिप टॅगसकट एका फोल्डरमध्ये, तो कधीच बदलायचा नाही. सुधारलेली २४ बिट प्रत रोज ऐकायला. ११ पैकी १० डिस्कवर आबांनाही आता हॉल आणि खोली यांत फरक सांगता येत नाही. सॉक्सला पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या चित्रांसाठी कापला.

अकराव्या डिस्कच्या सूचीत खूण आहे, सबकोडमध्ये नाही. उतार लावला तर मंद वाटते, नाही लावला तर टोचते, आणि हॉलमधल्या प्लेअरवरही टोचतेच. आबांनी तिच्या कव्हरवर पेन्सिलीने 'तिखट' असं लिहून ठेवलंय.